दुसऱ्याच्या पत्राला जामीन

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, 'ईमेल फॉरवर्डिंग सेवा का रखडतात आणि त्यांच्यावर हल्ले का होतात'. दोन्हींची उत्तरं देणार आहे, पण माझ्या वाटेने. माझ्या मते दोन्हींचं दुखणं एकच: फॉरवर्ड करणारा सर्व्हर दुसऱ्याच्या पत्राला जामीन राहतो. कर्ज घेणारा वेगळा, पैसे उडवणारा वेगळा, आणि वसुलीवाले येतात जामिनाच्या दारात.

एमएक्स रेकॉर्ड म्हणजे डोमेनची पत्रं कुठल्या सर्व्हरकडे द्यायची याची जाहीर नोंद, याहून जास्त इथे सांगत बसत नाही. ज्यांनी तो एकदा चुकवलाय ते चेहऱ्यावरून ओळखू येतात.

मी काही वर्षं एका माजी विद्यार्थी मंडळाचा फॉरवर्डिंग सर्व्हर सांभाळत होतो. मानधन शून्य, फोन भरपूर. सदस्याला मंडळाच्या नावाचा पत्ता मिळायचा, आणि त्यावर आलेलं पत्र त्याच्या नेहमीच्या इनबॉक्सात जायचं. एका सकाळी एका सदस्याचा फोन. ''अहो, बँकेचा ओटीपी येतो, पण मेल्यावर येतो. तुमचा सर्व्हर झोपलाय का?''

लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला. पत्र माझ्याकडे आलं आणि त्याच सेकंदाला मी ते पुढे द्यायला गेलो. समोरच्या मोठ्या मेलसेवेने उत्तर दिलं, ४२१. म्हणजे 'आत्ता नाही, नंतर या'. चारने सुरू होणारा कोड म्हणजे नंतर या. पाचने सुरू होणारा म्हणजे पुन्हा तोंड दाखवू नका. आता 'नंतर' म्हणजे कधी? जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली एसएमटीपी, म्हणजे मेल देण्याघेण्याची नियमावली, लिहून काढली, तेव्हा पत्र उद्या पोचलं तरी कुणाचं बिघडत नव्हतं. आजही त्या नियमांत दोन प्रयत्नांमध्ये निदान अर्धा तास ठेवा असा सल्ला आहे, आणि चार-पाच दिवस प्रयत्न सोडू नका असंही म्हटलंय. माझ्याकडे पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर. त्यात काही न बदलता पहिली थांबण्याची मुदत पाच मिनिटं. ओटीपीचं आयुष्यही पाच मिनिटं! दुसऱ्या खेपेलाही नकार, मग थांबणं आणखी लांबलं. तिसऱ्या खेपेला पत्र आत घेतलं, तोवर सोळा मिनिटं झाली होती.

पण नकार का? रात्रीचा लॉग पाहिला. दुसऱ्याच एका सदस्याच्या पत्त्यावर स्पॅमचा पूर आला होता आणि मी तो इमानेइतबारे पुढे पोचवला होता. त्या गृहस्थांनी सकाळी उठून एकेका पत्रावर 'स्पॅम' हे बटण दाबलं. तक्रार कुणाच्या नावावर? पत्र शेवटी ज्याच्या आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या क्रमांकावरून, आलं त्याच्या, म्हणजे माझ्या. मी त्यांना फोन केला. ''साहेब, हे पत्र मी पाठवलेलं नाही, तुम्हीच मला पुढे पाठवायला सांगितलंत.'' ते म्हणाले, ''पण स्पॅमच होतं ना?'' आता यावर काय बोलणार! त्यांचं खरं होतं. मंडळाला आयपी एकच. त्यांच्या बटणाची शिक्षा बँकेच्या ओटीपीला झाली.

'मग स्पॅम गाळून टाका की,' असं तिसऱ्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलं. गाळलं. पुढच्याच आठवड्यात एका सदस्याचं खरं पत्र गाळात गेलं आणि पुन्हा फोन मलाच.

त्यात ग्रेलिस्टिंग नावाचा २००३ सालचा एक उपाय. अनोळखी सर्व्हरला मुद्दाम 'नंतर या' म्हणायचं, कारण स्पॅम पाठवणारे सहसा परत येत नाहीत. कल्पना झकास. पण वाटेत फॉरवर्डर असला की पत्र एका दारात थांबतं आणि नशीब वाईट असेल तर दुसऱ्याही.

आता एसपीएफ नावाची तपासणी. पाकिटावर, म्हणजे पत्राच्या मजकुराबाहेर, पाठवणारा म्हणून लिहिलेल्या डोमेनने या आयपीला पत्र पाठवायची परवानगी दिली आहे का, एवढंच तो विचारतो. बँकेने माझ्या आयपीला कशाला दिली असेल? म्हणून एसआरएस नावाची युक्ती वापरून पाकिटावरचा पाठवणारा बदलायचा आणि तिथे स्वतःचं डोमेन लिहायचं. म्हणजे जामीनपत्रावर रीतसर सही! डीकेआयएम म्हणजे पाठवणाऱ्या डोमेनने पत्रावर केलेली डिजिटल सही. ती मजकुराला हात लावला नाही तर टिकते. पण तळाला 'मंडळातर्फे शुभेच्छा' अशी ओळ जोडली की गेली. हा हट्ट आमच्या अध्यक्षांचा होता, पण तो विषय वेगळा. या दोन्ही तपासण्यांत नापास झालेल्या पत्राचं काय करायचं, हे डोमेनचा मालक डीमार्कमध्ये सांगतो. एप्रिल २०१४मध्ये याहूने हे धोरण कडक केलं, तेव्हा एक पत्र सगळ्या सभासदांना वाटणाऱ्या जगभरच्या मेलिंग लिस्ट कोलमडल्या. त्यावरचा उपाय २०१९चा एआरसी. त्यात मधला सर्व्हर साक्ष देतो की 'माझ्याकडे आलं तेव्हा पत्र अस्सल होतं'. पण साक्षीदारावर विश्वास ठेवायचा की नाही, हे समोरचा ठरवतो.

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटं.' म्हणजे मला ओटीपीचंच आयुष्य मिळालंय. हल्ले राहिलेत, भराभर सांगतो.

फॉरवर्डरची पत चांगली असेल तर ती उसनी घ्यायला चोर येतात. खाती काढतात आणि आपला कचरा त्याच्या आयपीवरून पुढे सारतात. 'या डोमेनवर काहीही आलं तरी घ्या' अशी कॅच-ऑल सोय ठेवली, तर नावांची यादी घेऊन एकेक पत्ता ठोठावतात आणि सगळेच पत्ते लागतात. खोट्या पाठवणाऱ्याचं पत्र आधी स्वीकारून मग परत धाडलं, तर ते ज्याचं नाव चोरलंय त्या निष्पापाच्या अंगावर पडतं आणि आपणच हल्लेखोर ठरतो. नकार द्यायचा तर दारातच, पत्र हातात घेण्याआधी.

सदस्यत्वाचा भडिमार त्याहून वाईट. एखाद्याचा पत्ता त्याच्या नकळत हजारो ईमेल वृत्तपत्रिकांवर नोंदवायचा, म्हणजे त्या ढिगात बँकेची 'पैसे काढले गेले' ही सूचना गाडली जाते. नेम एकावर असतो, रांग सगळ्यांची तुंबते.

आणि सरळ पूर, म्हणजे सर्व्हर गुदमरेल इतकी खोटी वाहतूक त्याच्यावर लोटायची. वेबसाइटला ढालीआड ठेवता येतं. मेल घ्यायची तर एमएक्स जाहीर ठेवावा लागतो आणि २५ नंबरचं पोर्ट, म्हणजे मेल आत यायचं दार, उघडं. नोव्हेंबर २०१५मध्ये प्रोटॉनमेल या मेलसेवेवर असा हल्ला झाला. ती फॉरवर्डिंग सेवा नव्हे, पण दार तेच. त्यांनी खंडणी दिली, तरी पूर थांबला नाही.

दुसरी चिठ्ठी. ओटीपीवाल्या सदस्याचं काय झालं तेवढं सांगतो. मी म्हटलं, बँकेला थेट तुमचा पत्ता द्या, मंडळाचा नको. त्यांनी दिला. आठवड्याने फोन: ''अहो, तुमच्या सर्व्हरमुळे ओटीपी आता स्पॅममध्ये जातोय.'' त्यात माझा सर्व्हर आता कुठेच नाही, हे मी त्यांना तीनदा सांगितलं.