एवढ्या माणसांचा भाव एक रोडगा

(विस्तवात रोडगे)

राखेतून रोडगा उलटवायचा तर चिमटा असा तिरका धरावा लागतो, नाहीतर फुटतो. खाली गोवऱ्या आहेत, इंदूरला आपण कंडेच म्हणतो, आणि धूर इतका की आमच्या कॅमेरावाल्याच्या डोळ्यांना धारा लागल्या, शॉट थोडा हललाय, चालवून घ्या.

माळव्यातला माणूस म्हणेल ही तर बाटी! जवळपास तीच की. बाटीचाच भाऊ बाफला, तो आधी पाण्यात उकळून मग भाजतात, रोडगा सरळ विस्तवात जातो, आणि तुपाला नाही कोणीच म्हणत नाही. पण बाटीवर भारूड, म्हणजे सोंग घेऊन गायचं रूपकगीत, नाही, रोडग्यावर आहे, पैठणच्या एकनाथांचं, म्हणजे सोळाव्या शतकातलं, आणि इंदूरच्या रामबागेतल्या ह्या ओसरीवर ते आज पुन्हा उभं राहतंय.

(मावशी तयार होताना)

भारूड गाणाऱ्या मावशींचं सोंग चढायला अर्धा तास लागतो. नऊवारीचा काष्टा, कपाळभर कुंकू, केसांचा मुद्दाम विस्कटलेला अंबाडा, हातात सूप. मावशी आरशात बघत नाहीत, शेजारणीच्या चेहऱ्याकडे बघतात, ती हसली की सोंग जमलं. मागे टाळ, पखवाज, आणि झील धरायला, म्हणजे मागून ध्रुपद उचलायला, तिघी.

गोष्ट अशी की सून भवानीआईला नवस बोलतेय. सासरा गावाला गेलाय, त्याला तिकडेच संपव. सासू जाच करते, तिला ने. जाऊ फार बोलते, तिचं कुंकू पूस. नणंदेचं पोर सारखं किरकिर करतं, त्याला खरूज होऊ दे. शेवटी नवरासुद्धा आहुतीत, आणि मी एकटी सुखात! बरं, एवढ्या सगळ्याच्या बदल्यात देवीला काय मिळणार, तर एक रोडगा.

कीर्तनकार ह्याचा अर्थ सांगतात की सासू-सासरे म्हणजे आपले विकार, ते गेले की जीव मोकळा. बरोबरच आहे. पण ह्या ओसरीवर हसणाऱ्या बायकांकडे बघा आणि सांगा, ह्यांना आधी विकार आठवले की सासू?

(मावशी जुना किस्सा सांगताना)

मावशींची स्वतःची सासू पहिल्या रांगेत बसायची. सासूची ओळ आली की सगळ्यात मोठ्याने तीच हसायची, आणि घरी गेल्यावर दोन दिवस बोलायची नाही.

(राजवाडा)

होळकरांच्या राज्याशी असल्या गाण्यांचं नातं जुनं आहे. संगमनेरचे अनंत फंदी, 1744 चा जन्म, तमाशा गाजवणारा कवी, त्यांना अहिल्याबाईंनी महेश्वरात तमाशा सोडायला सांगितलं आणि ते कीर्तनाकडे वळले, असं सांगतात. भारुडावर मात्र असली वेळ आली नाही, कारण ते आधीच देवाच्या अंगणात उभं होतं, खट्याळपणासकट.

(वही)

ही वही. शाईने लिहिलेल्या ओळी, कडेला हळदीचा डाग. ओळी काय, एकनाथांच्या गाथेतही मिळतील. पण दोन कडव्यांच्या मध्ये मावशी जे बोलतात, सराफ्यात रात्री भेटलेली नणंद, पोह्यांवर शेव कमी पडली म्हणून रुसलेला दादला, ते कुठेच लिहिलेलं नाही. ते दर वेळी समोरचा माणूस बघून सुचतं, पखवाजवाल्याला खूण होते, तो थांबतो, हशा होतो, मग झील उचलली जाते आणि गाडी परत ध्रुपदावर. आम्ही एकाच दिवसात तीन वेळा शूट केलं, तीनही वेळा मधलं बोलणं वेगळं निघालं. म्हणून म्हणतो, गाणी आहेत ना यूट्यूबवर, असं कोणी सांगू नका.

पूर्वी दहा-बारा जणी होत्या, आता चार आहेत, आषाढीचा कार्यक्रम दोन वर्षं झालेला नाही.

(नात, हातात सूप)

ही मावशींची नात. शाळेत हिंदी, मैत्रिणींशी हिंदी, आजीशी निम्मं-निम्मं. सूप तिला बरोबर धरता येतं, ठसकाही आहे. तालीम चालू असताना जावेच्या ओळीवर अडली.

"आजी, जाऊ म्हणजे? कुठे जाऊ?"

पखवाजवाला आधी हसला. मावशी हसल्या नाहीत, त्यांनी फक्त त्याला खूण केली, आणि पुढच्या टेकला जावेची ओळ आली तशा थांबल्या, कमरेवर हात ठेवून भवानीआईला म्हणाल्या, "आई, ही पोर विचारते कुठे जाऊ, आता तूच सांग हिला!"

आणि झील सुरू.