आधी चेसिस

(दृश्य: गॅरेजचा खड्डा. खालून दिसणारी जीप. हातोडीचे ठोके.)

हातोडी चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर पडतेय. पुढच्या बाजूला आवाज खणखणीत. मिस्त्री वीत-वीत मागे सरकतात आणि मागचे पाटे (स्प्रिंगा) चेसिसला जिथं टांगतात त्या हँगरपाशी आवाज बदलतो. बद्द. तिथं ते थांबतात, पेचकस लावतात आणि नुसत्या तळहाताच्या जोरानं दाबतात. पेचकस आत जातो. भोकातून पडते ती लाल माती, कोयनेकाठच्या बामणोलीकडच्या रस्त्यांची. चेसिसच्या पोकळीत ही माती साठते, उन्हाळ्यातही पुरती वाळत नाही आणि लोखंड आतल्या बाजूनं खात राहते. बाहेरून रंग शाबूत दिसतो.

ही महिंद्रा एमएम ५४०. पासिंग एमएच ११, म्हणजे साताऱ्याचं. गाडी नव्वदच्या दशकातली, घर बामणोलीच्या वरच्या अंगाला. वडील म्हणतात बांधू, म्हणजे खोलून पूर्ण दुरुस्त करू. मुलाचं म्हणणं, भंगारात देऊ आणि नवी घेऊ. शेवटी दोघांनी गाडी टेम्पोवर घालून साताऱ्यात गोडोलीच्या गॅरेजला आणली.

"मिस्त्री, तुम्ही सांगाल ते," मुलगा म्हणाला.

"मी नाही, चेसिस सांगेल," मिस्त्री म्हणाले. "रंगाचं, सीटचं नंतर बोलू."

(दृश्य: शिवसागर जलाशय. तराफ्यावर चढणारी जीप.)

साठच्या दशकात कोयनेचं धरण झालं, शिवसागराचं पाणी पसरलं आणि या खोऱ्यातल्या गावांच्या वाटा तुटल्या. पाण्यापलीकडे जायचं तर लाँच किंवा तराफा, आणि उतरल्यावर पुढे जांभ्याचा चढ. कास ओलांडल्यावर पाऊस कसा असतो ते साताऱ्यात कुणाला सांगायला नको. अशा रस्त्यांवर वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या कमांडर गाड्या चालल्या, ट्रॅक्स चालल्या आणि घराघरांत जीप आली.

जीप मूळची अमेरिकेच्या विलिस कंपनीची. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रानं मुंबईत माझगावला ती सुट्या भागांतून जोडायला सुरुवात केली. तिथपासून ऐंशीच्या दशकातल्या ५४० पर्यंत सांगाडा तोच: खाली शिडीसारखी चेसिस, चारी चाकांना कमानी पाटे, पुढे-मागे सलग ॲक्सल. ५४० मध्ये इंजिन मात्र डिझेलचं. चार सिलिंडर, २११२ सीसी, मूळ रचना फ्रान्सच्या प्यूजोची. पंप, नोझल, सगळं यांत्रिक. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. म्हणूनच ही गाडी साताऱ्यातल्या गॅरेजमध्ये पूर्ण खोलता येते आणि पुन्हा पूर्ण जोडताही येते. आम्हाला ही फार मोठी गोष्ट वाटते.

(दृश्य: जमिनीवर बॉडीविना चेसिस. दोरी.)

बॉडी उतरवली. आता दोरी बघा. पुढच्या डाव्या भोकापासून मागच्या उजव्या भोकापर्यंत एक कर्ण, मग उजव्यापासून डाव्यापर्यंत दुसरा. दोन्ही सारखे भरले तर चेसिस सरळ. फरक आला तर गाडी कधीतरी आदळलीय, वाकलीय, आणि वाकलेल्या चेसिसवर कितीही पैसे ओता, ती रस्त्यावर तिरकी पळणार, टायर खाणार. मिस्त्रींनी माप दोनदा घेतलं. कर्ण जुळले.

निर्णय खरं तर इथंच झाला. चेसिस सरळ आहे, कुजलीय ती फक्त मागच्या हँगरपाशी. तेवढा भाग कापायचा, चांगल्या जाडीचा पत्रा बसवायचा. पत्र्याची टोकं तिरकी कापली आहेत, हे मुद्दाम दाखवतोय. वेल्डिंगची रेघ सरळ उभी घेतली की सगळा ताण त्या एका रेघेवर येतो आणि पुढे चेसिस तिथूनच तडकते. तिरक्या रेघेवर ताण विभागला जातो. हे मिस्त्रींना कुठल्या वर्गात शिकवलेलं नाही, उस्तादाच्या हाताखाली ते शिकले. हँगर दोन्ही बाजूंना कुजलेले असते किंवा कर्ण चुकले असते, तर त्यांनीच गाडी भंगारात द्यायला सांगितली असती.

(दृश्य: इंजिन सुरू. ऑइलचं झाकण उघडतात. धूर. निवेदन थांबवा.)

याला गॅरेजवाले बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की सिलिंडरमधला दाब खाली उतरतो आणि ऑइलच्या तोंडातून असा भकाभका बाहेर येतो. म्हणजे इंजिन खोलायचं. लाइनर, पिस्टन, रिंगा नव्या. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणारा दांडा, आधी किती साइजला घासलेली आहे ते मापून बघायचं, कारण प्रत्येक घासणीला ती बारीक होते आणि शेवटच्या साइजनंतर नवीच शोधावी लागते. ही क्रँक पहिल्यांदाच घासायला गेली. म्हणजे मालकानं ऑइल वेळेवर बदललं होतं, आणि ते श्रेय वडिलांचं.

आता नोझल, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग. पंपवाल्याच्या टेस्टरवर आधी जुना नोझल लावलाय. दांडा दाबला की डिझेल थेंबाथेंबानं गळतं. असं डिझेल नीट जळत नाही, काळ्या धुरातून बाहेर जातं. सर्व्हिस झालेला नोझल लावला आणि तोच दांडा दाबला. डिझेलचं बारीक धुकं झालं. रस्त्यावर धूर ओकणाऱ्या कितीतरी जुन्या जीपना एवढ्या कामाची गरज आहे.

गिअरच्या दांड्याशेजारच्या छोट्या दांड्या इतकी वर्षं कुणी हलवल्या नव्हत्या, त्या जाम होत्या. एक पुढची चाकं जोडते, दुसरी लो गिअर टाकते. लो गिअरमध्ये चाकांवरचा जोर सुमारे अडीचपट होतो आणि वेग तितकाच उतरतो. चिखलातल्या चढाला हवं असतं ते हेच.

(दृश्य: फ्लोअरचा पत्रा कापताना ठिणग्या.)

फ्लोअर सगळा नवा घातला. पुट्टीनं भोकं बुजवून वर रंग मारण्याचं काम स्वस्तात होतं, पण दोन पावसाळ्यांत फुगून वर येतं. या गॅरेजमध्ये ते काम घेतच नाहीत.

आता नव्या गाडीबद्दल. २०२० च्या थारमध्ये एअरबॅग आहेत, ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस आहे, पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे. गाड्या आदळवून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला प्रौढांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले. ५४० मध्ये यातलं काही नाही आणि येणारही नाही. घरातल्या बायकांना दारं-काचा नीट बंद होणारी गाडी हवी होती, तेही रास्तच. शिवाय या जीपच्या बांधणीचा खर्च तिच्या बाजारभावाच्या वर गेला.

(दृश्य: चेसिस नंबरवर कागद, त्यावर घासली जाणारी पेन्सिल.)

दिल्लीच्या बातम्या ऐकून बरेच जण धरून चालतात की गाडीला पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी संपली. साताऱ्यात तसं नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे आरटीओत तपासणी करून घ्यायची, पास झाली की पाच वर्षांसाठी नूतनीकरण. पर्यावरण कर भरावा लागतो. मोटारीच्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना १०,००० झाली. फी वाढली, पण दरवाजा बंद झालेला नाही. दुसऱ्या गाडीचं इंजिन घालायचं तर आधी आरटीओची परवानगी आणि मग आरसीवर नोंद लागते. ती नसेल तर अपघातानंतर विम्याचं भांडण ठरलेलं. इथं मूळचंच इंजिन राहिलं, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

गाडी पास झाली.

मिस्त्रींच्या हाताखाली आता एकच पोरगा आहे. नव्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपला जातात आणि पाटे खोलणारे हात कमी होत चाललेत. सरळ चेसिसची प्रत्येक जीप भंगारात गेली की या हातांचं काम आणखी घटतं. असे मिस्त्री अजून कामावर आहेत तोवर ज्यांच्या गोठ्यात, शेडमध्ये जुनी जीप उभी आहे त्यांनी भंगारवाल्याला फोन करण्याआधी ती एकदा खड्ड्यावर न्यावी, हे आमचं कळकळीचं सांगणं आहे.

(दृश्य: घाटातला चढ. लो गिअर. इंजिनचा आवाज मोठा ठेवा.)

पुण्याच्या नाना पेठेतून पुढच्या चाकांच्या किंगपिन बेअरिंग आणि हब सीलचा एकेक जादा जोड मुलानं आणून ठेवलाय. मागच्या बाकांना पट्टे बसलेत. हूडची ताडपत्री आली आहे, शिवायची बाकी आहे, आणि ते काम जूनच्या आत व्हायला हवं.