घोडा कळणं वेगळं, भाव कळणं वेगळं

मंडळी, आधीच सांगून टाकतो, रेसमध्ये कोणता घोडा लावायचा याची टिप मिळणार नाही. (हशा) रविवारची तर अजिबात नाही.

सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये लक्ष्मणन केसमध्ये निकाल दिला की घोड्यांची रेस हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ आहे. पंटर, म्हणजे रेसवर पैसे लावणाऱ्या लोकांना हे भारी आवडतं, घरी सांगायला बरं पडतं. पण कौशल्य नक्की कशातलं, हे विचारलं की दहा जण दहा गोष्टी सांगतात.

घोडा वाचण्याचं कौशल्य खरंच असतं, त्यात वाद नाही. आता हेच बघा, मागच्या रेसमध्ये एक घोडा तिसरा आला, तीन लेंग्थने, म्हणजे तीन घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतराने हरला. रेसबुकात एवढंच दिसतं. पण ज्याने रेस नीट बघितली त्याला माहीत असतं की अख्ख्या वळणावर हा बाहेरून पळत होता, आत दोन घोडे होते. वळण अर्धगोल धरलं तर कुंपणापासून जितके मीटर बाहेर त्याच्या साधारण तिप्पट अंतर जास्त पळावं लागतं, म्हणजे दोन मीटर बाहेर असला तर सहा मीटरच्या वर, आणि एक लेंग्थ म्हणजे साधारण अडीच मीटर. घ्या, अडीच लेंग्थ तिथेच गेल्या! शिवाय पुढे पळणारे दोन घोडे आपसात भांडून दमले की मागून येणारा उगाच हिरो दिसतो, हेही बघावं लागतं. वजन, अंतर, ट्रॅक ओला की कोरडा, जॉकी कोण, हे सगळं आहेच.

मग जितकी जास्त माहिती तितकं बरं, नाही का? इथेच गंमत आहे. पॉल स्लोविक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात आठ मुरलेले हँडिकॅपर, म्हणजे रेसचा अभ्यास करून जिंकणारा घोडा सांगणारे लोक, बसवले, ८८ मुद्द्यांची यादी दिली आणि सांगितलं यातले तुम्हाला हवे ते निवडा, आधी ५, मग १०, मग २०, मग ४०. प्रत्येक टप्प्यावर जिंकणारा घोडा सांगायचा आणि खात्री किती तेही सांगायचं. ४० मुद्दे हातात आल्यावर खात्री भरपूर वाढली, अचूकपणा मात्र पाचवर होता तिथेच राहिला. जुन्या पंटरांना हे सांगितलं की ते रागावतात, मी समजू शकतो.

दुसरा अभ्यास मला जास्त आवडतो. सेसी आणि लायकर हे दोन संशोधक, १९८६, अमेरिकेतल्या डेलावेअरचा एक रेसट्रॅक. तिथल्या रेस आपल्यासारख्या थरोब्रेडच्या, म्हणजे पाठीवर जॉकी घेऊन पळणाऱ्या घोड्यांच्या, नव्हत्या, मागे हलकी गाडी जोडून पळणाऱ्या घोड्यांच्या होत्या, पण डोक्याचं काम तेच. ३० नेहमीचे पंटर घेतले, त्यातले १४ एक्स्पर्ट ठरले, आणि निघालं असं की आयक्यूचा या कामाशी जवळपास संबंधच नाही. कमी आयक्यूचा एक्स्पर्ट सात-सात गोष्टींची एकमेकांशी सांगड घालत होता, ते जास्त आयक्यूच्या बिगर-एक्स्पर्टला जमत नव्हतं. यावर नंतर टीकाही झाली, ती बाजूला ठेवू. पण एक्स्पर्ट ठरवले कसे? कोण जिंकणार हे ओळखून नाही हो! रेस सुटताना फेवरिट कोण असेल, लोकांचा पैसा कुणावर जाईल, हे आधी ओळखून.

आणि सगळ्यांनी ओळखलेल्या घोड्यावर पैसे कुठे असतात? हिशोब करा. तुमच्या मते घोड्याला निम्मा चान्स आहे आणि भाव साठ पैसे, म्हणजे शंभर लावले तर साठ सुटतात. नुसतं बरोबरीत राहायला शंभरात साडेबासष्ट वेळा जिंकायला हवं. मग निम्मा चान्स असलेला घोडा घेऊन तुम्ही दीर्घकाळात हरणारच, कितीही फेवरिट असू दे. उलट एखाद्याला पंचवीस टक्के चान्स आहे आणि भाव एकास पाच, म्हणजे शंभर लावले तर पाचशे सुटतात, तर तो चारातल्या तीन वेळा हरेल, घरचे शिव्या घालतील, पण पैसा तिथेच आहे.

बिल बेंटर नावाच्या अमेरिकन पंटरने १९८० च्या दशकापासून हाँगकाँगमध्ये हेच, चान्सपेक्षा जास्त भाव मिळणारे घोडे शोधायचं काम, कॉम्प्युटरवर केलं आणि अफाट पैसा कमावला. त्याच्या १९९४ च्या लेखातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट अशी, की त्याने स्वतःच्या मॉडेलवर एकट्यावर विसंबायचं सोडलं आणि लोकांनी ठरवलेला भावही त्यात मिसळला, कारण गर्दीला असं काहीतरी माहीत असतं जे कागदावर येत नाही. आपले पंटर मात्र गर्दीला मूर्ख समजूनच सुरुवात करतात.

(श्रोत्यांतून प्रश्न: मग मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सला हे चालेल का?)

बुकीकडे घेतलेला भाव पक्का असतो, तेवढं बरं. टोटवर, म्हणजे सगळ्यांचा पैसा एकत्र करून त्यातूनच जिंकणाऱ्यांना वाटतात तिथे, तुम्ही तिकीट काढल्यावरही पैसा येत राहतो, एकास पाच बघून घेतलेला घोडा सुटताना एकास तीन झालेला असतो, मग तुमचा हिशोबच बदलला. आणि वर टॅक्स, लावलेल्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी, सप्टेंबर २०२५ पासून ४०. एवढं कापून वर नफा उरेल इतका चुकलेला भाव आठ रेसच्या कार्डात एकदाही सापडेलच असं नाही, आणि त्या दिवशी कँटीनमध्ये चहा पिऊन घरी जायचं, हे किती जणांना जमेल ते तुम्हीच सांगा.