पुला आणि चौदा शून्यं

[दृश्य : पहाट. प्लमट्रीची सीमाचौकी. मालट्रक, बस, चौकड्यांच्या मोठ्या पिशव्या घेऊन रांगेत उभी माणसं.]

हे प्लमट्री. झिम्बाब्वेच्या पश्चिम टोकाचं गाव. समोरची चौकी रामोक्वेबानाची, तिथून बोत्सवाना सुरू होतो. दोन्हीकडे कलांगा भाषा बोलतात. एकाच घरातले चुलते-पुतणे सीमेच्या दोन अंगांना राहतात. झुडपं मोपानीचीच, गुरंही तशीच आणि पावसाची वाट बघणंही तेच. तरी पलीकडच्या देशातला माणूस सरासरी पाच-सहा वर्षं जास्त जगतो.

साठ वर्षांपूर्वी दोन देशांची तुलना केली असती, तर चित्र उलटं दिसलं असतं.

[दृश्य : जुनी छायाचित्रं. मातीचा रस्ता, बैलगाडी.]

ब्रिटिश अमदानीत बोत्सवानाची राजधानीसुद्धा देशात नव्हती. कारभार चालायचा तो सीमेबाहेर, दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंगहून. ३० सप्टेंबर १९६६ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा डांबरी रस्ता होता जेमतेम १२ किलोमीटर आणि पदवीधर होते २२. शेजारी, आजच्या झिम्बाब्वेत, कारखाने होते, तंबाखूची मोठी शेती होती, करिबा धरणाची वीज होती. बोत्सवानातून धावणारी आगगाडीसुद्धा १९८७पर्यंत शेजारचीच रेल्वे चालवत होती.

मग १९६७मध्ये ओरापाला हिरे सापडले. हा मुलूख बामांग्वाटो जमातीचा आणि पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा त्याच जमातीच्या राजघराण्याचे वारस. हे धन आमचंच, असं म्हणणं त्यांना सोपं होतं. त्यांच्या सरकारने कायदा केला तो असा, की जमिनीखालचं धन कुठल्या जमातीचं नाही, साऱ्या देशाचं. डी बीअर्स या हिरे कंपनीबरोबरच्या भागीदारीत सरकारचा वाटा सुरुवातीला १५ टक्के होता, तो पुढे ५० टक्क्यांवर नेला. १९८२मध्ये ज्वानेंगची हिऱ्यांची खाण सुरू झाली. खाणीचा पैसा रस्ते, कूपनलिका, शाळा आणि दवाखान्यांत गेला. दोन देशांतल्या फरकाचं मूळ मला त्या एका कायद्यात दिसतं.

यातले कितीतरी हिरे सुरतेत पैलू पाडून घेतात आणि मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरेबाजारात हात बदलतात. आपल्याकडच्या अंगठीतल्या खड्यात बोत्सवानातल्या एखाद्या शाळेची भिंत असू शकते.

[दृश्य : झिम्बाब्वे. गणवेशातली मुलं, पायवाट.]

झिम्बाब्वेला स्वातंत्र्य मिळालं १९८०मध्ये, लांबलेल्या युद्धानंतर. सुरुवात उमेदीची होती. खेड्याखेड्यांत शाळा निघाल्या आणि माध्यमिक शाळांतली मुलं काही वर्षांत अनेक पटींनी वाढली. झिम्बाब्वेच्या माणसाचं इंग्रजी आणि गणित आजही आसपासच्या देशांत नावाजलं जातं.

पण याच पश्चिम भागात, मातबेलेलँडमध्ये, १९८३पासून सरकारी सैन्याने हजारो नागरिक मारले. कित्येक कुटुंबं रात्री सीमा ओलांडून बोत्सवानातल्या डुक्वीच्या निर्वासित छावणीत गेली. त्यानंतर जमिनीचा प्रश्न पेटला. मूठभर गोऱ्या शेतकऱ्यांकडे सर्वांत सुपीक जमीन होती, हा अन्याय खराच होता. मात्र २०००पासून ती ज्या रीतीने हिसकावली गेली, त्यात शेती कोसळली, शेतमजूर रस्त्यावर आले आणि तिजोरीतली तूट भरायला सरकार नोटा छापत सुटलं.

[दृश्य : नोटेचा जवळून फोटो. एकापुढे शून्यंच शून्यं.]

ही नोट नीट पाहा. जानेवारी २००९. एकावर चौदा शून्यं, म्हणजे एक कोटी कोटी डॉलर. १९८०मध्ये झिम्बाब्वेचा एक डॉलर अमेरिकेच्या डॉलरहून भारी होता. २००८पर्यंत शिक्षकाच्या महिन्याच्या पगारात शाळेला जायचं बसभाडंही निघेना, मग वर्गच बंद पडले. तीस वर्षं नोकरी केलेल्यांचं निवृत्तिवेतन मातीमोल झालं. त्याच पावसाळ्यात कॉलरा आला, कारण शहरांची पाणीव्यवस्था आधीच कोलमडली होती. चार हजारांवर माणसं गेली. ज्या रोगाला स्वच्छ पाणी आणि मीठ-साखरेचं पाणी पुरतं, त्या रोगाने.

आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना हेन्री ओलोंगा आणि अँडी फ्लॉवर आठवत असतील. १० फेब्रुवारी २००३ला, विश्वचषकाच्या सामन्यात, ते दंडावर काळी पट्टी बांधून हरारेच्या मैदानात उतरले होते. देशातल्या लोकशाहीच्या मरणाचा तो शोक होता.

पलीकडे, बोत्सवानात, चलनाचं नाव आहे पुला. सेत्स्वाना भाषेत पुला म्हणजे पाऊस. सभेच्या शेवटी लोक जयघोष करतात तोही पुलाचाच. पगाराचा पुला महिनाअखेरीसही पगारच राहतो. माझ्या मते राहणीमानाच्या तक्त्यांत ही खात्री पुरेशी मोजली जात नाही.

म्हणून बोत्सवाना सुखी आहे, असं सांगून मोकळं होता येत नाही.

[दृश्य : बोत्सवानाची राजधानी गॅबोरोनी. काचेच्या इमारती, बाजूला पत्र्याच्या खोल्या.]

एड्सने हा देश अक्षरशः पोखरला होता. शतक बदललं तेव्हा तरुण माणसं पुरून लोक थकले होते. २००२मध्ये सरकारने औषधं मोफत द्यायला सुरुवात केली आणि हिऱ्यांच्या पैशाने माणसं वाचली. पण विषमता जगातल्या सर्वाधिक विषम देशांतली. मध्य कलहारीच्या वाळवंटातून तिथल्या मूळ रहिवासी सान लोकांना बाहेर काढलं, ते बेकायदा होतं असा निकाल २००६मध्ये उच्च न्यायालयाने दिला. प्रयोगशाळेत बनणाऱ्या हिऱ्यांनी बाजार पाडला, तसा खजिना आटला. ऑगस्ट २०२५मध्ये औषधांच्या टंचाईपायी देशाला आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली.

तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. २०२४च्या निवडणुकीत ५८ वर्षं सत्तेत असलेला पक्ष हरला आणि मतमोजणी संपायच्या आत अध्यक्षांनी हार मान्य केली. झिम्बाब्वेत १९८०पासून सत्तेवर असलेल्या रॉबर्ट मुगाबेंना २०१७मध्ये पायउतार करायला लष्कराचे रणगाडे यावे लागले.

[दृश्य : पुन्हा प्लमट्री. ऊन चढलंय, रांग पुढे सरकतेय.]

या रांगेतले लोक पलीकडे गुरं राखतात, घरकाम करतात, गवंडीकाम करतात. त्यांत शिकलेलेही असतात. २००३मध्ये बोत्सवानाने सीमेवर विजेचं कुंपण उभारायला घेतलं. कारण सांगितलं गुरांच्या लाळ्या-खुरकुताचं. झिम्बाब्वेत कुणाला ते पटलं नाही.

एका कामासाठी मात्र वाट उलटी आहे. झिम्बाब्वेतल्या बुलावायो शहराच्या दक्षिणेला मातोबोच्या डोंगरात न्जेलेलेचं देवस्थान आहे. पाऊस लांबला की तिथे गाऱ्हाणं घालायला कलांगा भाविक पिढ्यान् पिढ्या बोत्सवानातूनही येत आले आहेत, हीच सीमा ओलांडून.