जाहीर न झालेले युद्ध : चीन आणि जपान, १९३७ ते १९४५

श्रोतेहो,

७ जुलै १९३७च्या रात्री बेपिंगजवळ, म्हणजे आजच्या बीजिंगजवळ, लुगौ पुलाच्या परिसरात जपानी सैन्याची एक तुकडी सराव करीत होती. परक्या भूमीवर असा सराव करण्याची मुभा जपानला १९०१च्या तहापासून तेथे ठेवलेल्या फौजेमुळे मिळाली होती. अंधारात काही गोळ्या झाडल्या गेल्या आणि हजेरी घेतली तेव्हा एक शिपाई कमी भरला. तो थोड्याच वेळात सुखरूप परतला. पण तोवर शोधासाठी वानपिंग या तटबंदीच्या गावात शिरू द्यावे, अशी मागणी झाली होती आणि चिनी फौजेने ती धुडकावली होती. पहाटे लढाईला तोंड फुटले. ११ जुलैला तेथील सेनाधिकाऱ्यांनी आपसांत समझोता केला, आणि त्याच दिवशी टोकियोत मंत्रिमंडळाने जादा फौजा पाठवण्याचे ठरवले.

विझत आलेल्या ठिणगीवर सरकारनेच फुंकर का घातली, हा मला या युद्धातील कळीचा प्रश्न वाटतो, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी मांचुरियात, म्हणजे चीनच्या ईशान्य भागात, जावे लागते. १९०५ साली रशियाला हरवून जपानने दक्षिण मांचुरियातील लोहमार्ग मिळवला, आणि त्याच्या रक्षणासाठी ठेवलेली क्वांटुंग सेना हळूहळू स्वतःचेच राजकारण करू लागली. जागतिक मंदीत अमेरिकेला जाणाऱ्या जपानी रेशमाचे भाव कोसळले, खेडी कंगाल झाली, आणि मांचुरियाची जमीन, कोळसा व लोखंड हाच तरणोपाय आहे, ही समजूत लष्करात घट्ट रुजली. १८ सप्टेंबर १९३१ रोजी मुकदेनजवळ याच सेनेच्या अधिकाऱ्यांनी आपल्याच लोहमार्गावर स्फोट घडवला, त्याचा आळ चिन्यांवर घातला आणि काही महिन्यांत सारा मांचुरिया गिळंकृत केला. स्फोट इतका किरकोळ होता की त्यानंतर एक गाडी त्याच रुळांवरून सहीसलामत निघून गेली. टोकियोने या अधिकाऱ्यांना शासन करण्याऐवजी त्यांची करणी पदरात घेतली. हाताखालच्यांनी आगळीक करावी आणि वरिष्ठांनी ती निस्तरता निस्तरता आपलीशी करावी, हा पायंडा तेथे पडला.

चीनमध्ये राष्ट्रवादी सरकारचे प्रमुख चँग कै-शेक यांचे धोरण आधी कम्युनिस्टांचा बंदोबस्त आणि मग जपानचा, असे होते. डिसेंबर १९३६मध्ये शिआन येथे चांग श्वेलियांग या त्यांच्याच सेनापतीने, ज्याचा मांचुरिया जपानने हिरावला होता, त्यांना अटकेत ठेवून हे धोरण बदलायला लावले. त्यामुळे सात महिन्यांनी लुगौ पुलावर ठिणगी पडली, तेव्हा माघार घेणे चँग यांना शक्यच नव्हते. ऑगस्टमध्ये त्यांनी शांघायला दुसरी आघाडी उघडली आणि जर्मन सल्लागारांनी तयार केलेल्या आपल्या उत्तम पलटणी तेथे झोकल्या. तीन महिने शांघाय लढले, आणि त्या पलटणींची राखरांगोळी झाली. १३ डिसेंबरला राजधानी नानकिंग पडली. त्यानंतरच्या सहा आठवड्यांत तेथे कैद्यांची व नागरिकांची जी कत्तल झाली आणि स्त्रियांवर जे अत्याचार झाले, त्यांना लढाईची कोणतीही गरज कारण म्हणून सांगता येणार नाही.

राजधानी घेतली की शत्रू शरण येतो, हा जपानचा हिशेब होता. चँग शरण आले नाहीत, तेव्हा जानेवारी १९३८मध्ये पंतप्रधान कोनोए यांनी यापुढे त्यांच्या सरकारशी बोलणीच करणार नाही, असे जाहीर केले आणि तहाचे दार स्वतःच बंद केले. या संघर्षाला जपान अधिकृतपणे ‘घटना’ म्हणत असे. युद्ध पुकारले असते, तर तटस्थतेच्या कायद्यांमुळे अमेरिकेतून माल मिळणे अवघड झाले असते. चीनलाही बाहेरून शस्त्रे हवी होती, म्हणून त्यानेही डिसेंबर १९४१पर्यंत युद्ध जाहीर केले नाही. जे युद्धच नव्हते, त्यात जिंकणे म्हणजे काय, हे जपानने कधी ठरवले नाही. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी त्याची गत झाली.

जपानी फौजा जून १९३८मध्ये झेंगझौच्या दिशेने येऊ लागल्या, तेव्हा चँग यांच्या हुकमावरून हुआयुआनखौ येथे पीत नदीचा बांध फोडण्यात आला. सैनिकांनी रात्रंदिवस खणून बांधाला भगदाड पाडले. गाळाने भरलेली ती नदी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंचावरून वाहते, त्यामुळे पाणी बाहेर पडताच हेनान, आन्हुई आणि जिआंगसू या प्रांतांत पसरत गेले. गावोगावच्या शेतकऱ्यांना आगाऊ सूचना नव्हती, आणि सरकारने दोष जपानी बॉम्बवर टाकला. बळींचे अंदाज चार लाखांपासून नऊ लाखांपर्यंत जातात. जपानची चाल काही महिने लांबली, पण ऑक्टोबरमध्ये वुहान पडलेच. आपल्याच लोकांवर नदी सोडण्याचा तो निर्णय समजावून सांगता येतो. त्याचे समर्थन मला करवत नाही.

याच सुमारास, १ सप्टेंबर १९३८ रोजी, काँग्रेसने पाठवलेले पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने चीनला निघाले होते. त्यांत नागपूरचे चोळकर आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. वुहान पडण्यापूर्वी काही दिवस ते तेथे होते. फेब्रुवारी १९३९मध्ये हे पथक येनानला, म्हणजे कम्युनिस्टांच्या मुख्य ठाण्यावर, पोहोचले. कोटणीस पुढे उत्तर चीनमध्ये गेले, जेथे लोहमार्ग आणि शहरे जपानकडे होती, पण मधली खेडी गनिमी काव्याने लढणाऱ्या कम्युनिस्टांच्या हाती होती. ऑगस्ट १९४०मध्ये कम्युनिस्ट सेनेने त्या लोहमार्गांवरच मोठे हल्ले चढवले, आणि कोटणीसांनी आघाडीजवळ राहून जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. जपानने त्याचा सूड ‘सारे जाळा, सारे मारा, सारे लुटा’ अशा मोहिमांनी उगवला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कोटणीस तेथेच वारले.

चीनमध्ये रुतलेला पाय मोकळा करण्यासाठी जपान दक्षिणेकडे वळला. इंडोचीन या फ्रेंच वसाहतीच्या दक्षिण भागात फौजा शिरताच, १९४१च्या उन्हाळ्यात अमेरिकेने तेल तोडले. सप्टेंबरमध्ये लष्करप्रमुख सुगियामा यांनी दक्षिणेची मोहीम लवकर उरकेल असे सांगितले, तेव्हा सम्राटांनी त्यांना आठवण दिली की १९३७ साली तुम्ही चीनचा प्रश्न महिनाभरात मिटेल असे म्हणाला होता. चीन फार मोठा आहे, असे सुगियामा यांनी उत्तर दिले. त्यावर, मग प्रशांत महासागर त्याहून मोठा नाही का, असे सम्राटांनी विचारले. तरीही तीन महिन्यांनी पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले.

१९४४ साली जपानने चीनमध्ये सुमारे पाच लाख सैन्यानिशी सर्वांत मोठी मोहीम काढली आणि हेनानपासून ग्वांगशीपर्यंत मुलूख पादाक्रांत केला. ९ सप्टेंबर १९४५ रोजी नानकिंगमध्येच चीनमधील जपानी फौजांचे प्रमुख जनरल ओकामुरा यांनी शरणागतीवर सही केली, तेव्हा त्यांच्या हाताखाली दहा लाखांच्या आसपास सैनिक होते. या आठ वर्षांत चीनची दीड ते दोन कोटी माणसे मेली. हुआयुआनखौचे भगदाड बुजवून पीत नदी जुन्या पात्रात आणायला १९४७ साल उजाडले.