जेवना का रे?

सकाळचे साडेदहा. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, दोन खोल्या, एक व्हरांडा आणि पुढे निंबाचं मोठं झाड. प्रार्थना चालू आहे, सगळ्यांचे डोळे मिटलेले, म्हणजे मिटल्यासारखे, आणि शेवटच्या ओळीतला तो निळ्या शर्टवाला पोरगा बघा, त्याचे डोळे टक्क उघडे आहेत, तो गेटकडे बघतोय. दुसरीत आहे. रोज असाच बघतो.

दसरा झाला की या गावातून गाड्या भरायला लागतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या, लहान लेकरं, सगळं एकाच ट्रकमध्ये. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची म्हणजे ऊसतोडीला जायचंच, कोणी बारडोलीकडे, कोणी पश्चिम महाराष्ट्रात. जोडप्याला तिथं नावच 'कोयता' आहे, एक नवरा एक बायको मिळून एक कोयता. लेकराचं नाव त्यात कुठेच नाही. काही पोरं सोबत जातात आणि त्यांची शाळा तिथंच सुटते, काही आजीपाशी राहतात. हा राहिला. आई जाताना म्हणाली, आखाजीला येते. आता सात वर्षांच्या पोराला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, किती लांब आहे ते कसं कळणार?

नोव्हेंबरपासून त्याचं पोट दुखायला लागलं. रोज. 'मॅडम, पोट दुखस.' मॅडमनी ओवा दिला, मग आरोग्य केंद्रात नेलं, डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. आणि बऱ्याच ठिकाणी गोष्ट इथंच संपते, नाटकं करतो म्हणायचं आणि मागच्या बाकावर सोडून द्यायचं. पण खरं सांगू का, एवढं लहान मूल 'मला उदास वाटतंय' असं म्हणत नाही हो, त्याच्याकडे तो शब्दच नसतो. त्याचं पोट दुखतं, डोकं दुखतं, रात्री अंथरूण ओलं होतं, नाहीतर तो शेजारच्याला उगाच चिमटे काढत बसतो. आणि दुखतं ते खरंच दुखतं, त्यात नाटक काही नाही.

मॅडम मूळच्या सांगलीकडच्या. पहिल्या वर्षी त्यांना वाटायचं ही पोरं बोलतच नाहीत, मठ्ठ आहेत की काय (हे त्यांनी स्वतः कॅमेऱ्यासमोर सांगितलं, आम्ही विचारलंही नव्हतं). मग एक दिवस मधल्या सुट्टीत त्यांनी बघितलं, खिचडी करणाऱ्या मावशी वाढता वाढता प्रत्येकाशी अहिराणीत बोलतायत आणि जी पोरं वर्गात गप्प ती तिथं धबाधबा बोलतायत. घरची भाषा शाळेच्या दारात चपलांसोबत काढून ठेवायला लागली तर पोरगं मनातलं सांगणार तरी कशात? मग मॅडम मावशींपाशी बसून अहिराणी शिकल्या, मोडकीतोडकी का होईना. आता हजेरीच्या आधी त्या प्रत्येकाला एकच विचारतात, 'जेवना का रे?' कोणी सांगतं कळण्याची भाकर खाल्ली, कोणी फक्त कोरा चहा. आणि कोणी काहीच सांगत नाही, मॅडम म्हणतात मला तेच पोरगं शोधायचं असतं.

आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, २००९ चा, त्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला मारायला तर बंदी आहेच, मानसिक त्रास द्यायलाही आहे. म्हणजे वर्गासमोर टाकून बोलणंही त्यातच आलं. छडी गेली, टोमणे अजून बऱ्याच वर्गांतून जायचे आहेत, हे आम्ही फिरताना कानांनी ऐकलंय. आणि घरी मारहाण असेल, आणखी काही वाईट घडत असेल, तर ते एकट्या शिक्षकाने पेलायचं काम नाही, त्यासाठी चाइल्डलाइनचा १०९८ हा फुकटचा नंबर आहे, तो या शाळेच्या भिंतीवर पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर रंगवलाय. ऑफिसात नाही, बाहेर, हातपंपापाशी.

पोरांचं मन जपणं हे काही नवीन फॅड नाहीये बरं का. आपल्याच खानदेशात, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० साने गुरुजी शिकवायचे आणि वसतिगृहही सांभाळायचे, पोरांच्या खोल्या स्वतः झाडायचे. घर सोडून आलेल्या पोराला काय लागतं ते त्यांना कळत होतं.

निळ्या शर्टवाल्यासाठी मॅडमनी काय केलं, तर एक कॅलेंडर आणलं. आखाजीच्या दिवसावर लाल गोल, आणि रोज शाळा सुटताना तो एक दिवस खोडतो. पोट अजून दुखतं कधीकधी. पण आधी रोज दुखायचं, आता तसं नाही.

आज शनिवार. २०२४ पासून शाळांमध्ये आनंददायी शनिवार असतो, गाणी, खेळ, चित्रं, तर इथं मॅडमनी त्यात स्वतःचं एक काम जोडलंय, ऊसतोडीला गेलेल्यांना फोन. फडात रेंज मिळेपर्यंत तीनचार वेळा लावावा लागतो. लागला. स्पीकरवर वाऱ्याचा आवाज, मागे ट्रॅक्टर, आणि आईचा 'हॅलो'. पोरगा फोन दोन्ही हातांनी धरून उभा. आठवडाभर काय काय सांगायचं ते ठरवलेलं, शेळीला दोन पिल्लं झाली ते, कॅलेंडरचं, सगळं. पण तोंडातून काही निघेना. मॅडम काहीच बोलल्या नाहीत, थांबल्या. मग हळूच म्हणाला,

'माय, तू जेवनी का?'