मागच्या हातानं ढील द्या

(समुद्रावर पहिल्यांदा विंडसर्फिंगला, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डावर उभं राहून वाऱ्यावर पाणी कापायला, निघालेल्या मुलांसमोर नागपुरात दिलेलं व्याख्यान, संपादित.)

संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवताना जोराचा झोत आला की तुम्ही काय करता? ढील देता. मांजा आवळून धरला तर बोट कापतं, नाहीतर पतंग फाटतो. एवढं ज्याला कळतं, त्याला विंडसर्फिंगमधलं सगळ्यात वाईट पडणं टाळता येईल.

ते पडणं म्हणजे शिडासकट पुढे भिरकावलं जाणं. तुमच्या कमरेच्या पट्ट्याचा हुक बूमच्या, म्हणजे शीड धरायच्या आडव्या दांडीच्या, दोरीत अडकलेला असतो आणि अंगाचा भार शिडावर असतो. वाऱ्याचा वेग 10 नॉटवरून 20 वर गेला, तर शिडावरचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. त्या क्षणी घाबरून दोन्ही हातांनी बूम जवळ ओढली की संपलं. मी पहिल्या वर्षी गोव्यात नेमकं हेच केलं. डोलकाठी पुढे गेली, तिच्यामागे मी, आणि कपाळ बूमवर आपटलं. तीन टाके पडले.

करायचं ते उलट. कंबर खाली आणि मागे टाका, पुढचा पाय ताठ ठेवा आणि मागचा हात, म्हणजे बोर्डाच्या मागच्या टोकाकडचा, सैल सोडा. शीड उघडलं की वारा निघून जातो. आणि तरीही उडालातच, तर बूम सोडू नका. हात ताठ ठेवून तिला धरून राहा. सोडली तर तुम्ही डोलकाठीवर किंवा बोर्डाच्या टोकावर जाऊन आदळाल.

झोत आधी दिसतोही. संध्याकाळी अंबाझरी तलावाच्या काठावर उभे राहा. पाण्यावर बारीक सुरकुत्यांचा काळपट पट्टा सरकत येतो, तो झोत. झाडं आणि इमारतींमुळे इथला वारा तुटक येतो, म्हणून नजर तयार करायला ही जागा उत्तम. समुद्र नाही म्हणून खंत करू नका. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत शिडाच्या होडीत रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर भोपाळच्या तलावात शिकली आहे.

वारा अचानक पडला की माणूस पाठीवर पडतो. नवशिक्यांचं हे रोजचंच. गुडघे वाकवून अंग बोर्डाकडे आणा, नाही जमलं तर सरळ पाण्यात बसा. फक्त उथळ पाण्यात कधीही डोक्यावर किंवा ताठ पायांवर उतरू नका. अंग पसरून, आडवं पडा.

आता पाण्याखालचं. वर येताना एक हात डोक्यावर धरा, कारण डोलकाठी तुमच्यानंतर खाली येते. शीड अंगावर आलं तर हातानं वर ढकला, श्वासापुरती जागा होते. हुक अडकला असेल तर बूम स्वतःकडे ओढा म्हणजे दोरी सैल पडते, मग हुक सोडवा. नंतर डोलकाठी चाचपत एकाच दिशेनं सरका, दिशा बदलू नका. बाहेर आलात की बोर्ड धरा. किनारा कितीही जवळ वाटला, तरी बोर्ड सोडून पोहायला लागायचं नाही. बोर्ड तरंगतो आणि शोधायला आलेल्यांना तोच आधी दिसतो.

मागे हिरवळीवर शीड पसरून ठेवलंय. चपला काढा, दोघं-दोघं त्याखाली शिरा आणि डोळे मिटून बाहेर या.